गाडीतून न उतरलेला पेशंट

"डॉक्टरसाहेब, मी आत येणार न्हाई. तुम्हीच पार्किंगमध्ये या."

ओपीडी भरलेली आणि फोनवर हा हुकूम. मी चिडूनच बाहेर गेलो. गाडीत संतोष होता, नवीन जालन्यातल्या एका बियाणे कंपनीचा माणूस, नुकताच आफ्रिकेतून परतलेला. अंगात ताप असताना आष्टीच्या घरून एकटाच गाडी चालवत आला होता. वडील मोटारसायकलवर मागं.

काच बंद ठेवून तो फोनवरच बोलला. "तिथं गोदामाचा मुकादम वारला. मयतीला गेल्तो. आंघोळ घालायला हात लावला. आपल्याकडं लावतातच की. आता तिथं इबोला निघालाय म्हणे."

माझा राग जागच्या जागी विरला. इबोला हवेतून येत नाही. आजारी माणसाचं रक्त, उलटी, घाम यांच्या स्पर्शातून येतो आणि मेल्यावरही अंगात राहतो. लक्षणं दिसायला एकवीस दिवसांपर्यंत लागू शकतात. सुरुवात साध्या तापासारखीच.

त्याला मागच्या दारानं आयसोलेशनमध्ये घेतलं. "रक्त मी काढते सर," शोभा सिस्टर म्हणाल्या आणि पीपीई किट चढवायला लागल्या. मलेरियाची टेस्ट पॉझिटिव्ह आली, तीही जिवावर बेतणाऱ्या प्रकारची. मी खुशीत वरिष्ठांना फोन लावला.

"मलेरिया आहे म्हणजे इबोला नाही, असं कुणी सांगितलं? दोन्ही असू शकतात."

बरोबर होतं. मलेरियाची इंजेक्शनं लगेच सुरू केली, इबोलासाठी नमुना पुण्याला पाठवला आणि दार बंदच ठेवलं.

आबा, म्हणजे त्याचे वडील, दारात अडून बसले. "नुसतं डोक्यावरून हात फिरवू द्या हो."

आतून संतोषच ओरडला, "आबा, मीच नको म्हणून राह्यलो!"

आबा उठले. खिडकीच्या काचेपाशी जाऊन उभे राहिले ते तिथून हललेच नाहीत.

सुरुवातीच्या तापात विषाणू सापडेलच असं नाही, म्हणून काही दिवसांनी पुन्हा नमुना पाठवला. दोन्ही रिपोर्ट निगेटिव्ह आले. तापही उतरला. दार उघडलं तेव्हा लेकाकडं जायच्या आधी आबांनी मला विचारलं, "आता चालतंय ना?"

मी मान हलवली.

त्या दिवशी माझ्या ओपीडीत गरोदर बाया होत्या, तान्ही लेकरं होती. इबोला असता तर? संतोषचे उपकार मी विसरणार नाही. हल्ली तापाच्या पेशंटला थर्मामीटर लावण्याआधी विचारतो, कुठून आलात. आणि कुणी पार्किंगमध्ये बोलावलं, तर मुकाट्यानं जातो.