डोक्याला लागलेला पाय

सत्तरीचं दशक सरत आलं होतं आणि जळगावात प्रत्येक गल्लीत एक तरी तरुण हवेत लाथा झाडत होता. गावाने या सगळ्या प्रकाराला एकच नाव देऊन टाकलं होतं, कराटे. आमचे सर त्यावर भडकायचे. "कराटे नाही, तायक्वांदो!" असं ते पानवाल्यालासुद्धा ऐकवत. पानवाला मान डोलवायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारायचा, "काय सर, कराटे कसं चाललंय?"

सर मुंबईला काही महिने राहून आले होते. येताना त्यांनी एक काळा पट्टा, कोरियन भाषेतले दहापर्यंतचे आकडे आणि बोलताना छाती फुगवायची सवय एवढा ऐवज आणला. त्यावर त्यांचा वर्ग उभा राहिला. हंगाम संपल्यावर रिकाम्या पडलेल्या, सरकी काढायच्या एका जिनिंगच्या शेडमध्ये आम्ही वीसेक जण रोज सकाळी जमायचो. खाली शहाबादी फरशी आणि तिच्यावर अंथरलेलं बारदान. पडलं की नाकात सरकीचा वास आणि कोपराला ओरखडा, दोन्ही एकदमच मिळायचे. पोशाख मांजरपाटाचा. आमच्या शिंप्याने जन्मात लेंग्याशिवाय काही शिवलं नव्हतं, त्यामुळे पाय कमरेच्या वर गेला की मधली शिवण उसवायची. आम्ही त्यालाही प्रगतीची खूण समजत होतो.

मी तेव्हा एका शाळेत कारकून होतो. वय चोवीस. दिवसभर हजेरीपटांवर रेघा मारणाऱ्या माणसाला सकाळी तासभर योद्धा व्हायला मिळत असेल तर तो सोडेल का? मी नाही सोडलं.

सरांचं सगळं तत्त्वज्ञान एका लाथेत मावत होतं. डोक्याला लागणारी गोल लाथ. छातीवर लागली तर एक गुण, डोक्याला लागली तर दोन, असा त्यांचा हिशेब. छातीवर लाथ मारणाऱ्याकडे ते बघायचेही नाहीत. खरं कारण मला पुढे कळलं. डोक्याला लाथ मारतानाचा फोटो चांगला येतो. सरांच्या घरी भिंतीवर तसा एक होता, आणि त्यात लाथ खाणाऱ्याचा चेहरा चौकटीत आलेला नव्हता.

ती लाथ वाईट असते, हे मात्र खरं. पाय हातापेक्षा किती जड असतो ते एरवी कळत नाही. उभ्या पायावर अंग फिरतं, कंबर वळते, आणि सगळ्या शरीराचा भार पायाच्या वरच्या बाजूला येऊन कानशिलावर बसतो. त्यात ती येते कडेने, डोळ्याच्या कोपऱ्यापलीकडून. येताना दिसली तर माणूस निदान मान आवळतो, हात वर घेतो. न दिसलेली लाथ थेट आत जाते. मारणाराही तेवढा वेळ एका पायावर उघडा असतो, हे सर कधी सांगायचे नाहीत. कापसाच्या जिल्ह्यात, कापसाच्या शेडमध्ये आम्ही एकमेकांची डोकी बडवत होतो आणि डोक्याला बोटभर कापूस बांधायची अक्कल एकालाही नव्हती. शेजारच्या पिंजारी चाचांना ती होती. ते एकदा येऊन म्हणाले, "सर, कापूस भरून टोप्या शिवून देतो. पोरांची डोकी आहेत." सर हसले. त्यांच्या मागून आम्हीही हसलो.

माझा जोडीदार सावद्याचा होता. उंच, शांत, लांब पायांचा. घरी केळीचा बाग आणि केळी पिकवायची खोली. बंद खोलीत घडांना धुरी द्यायची आणि नेमक्या वेळी दार उघडायचं, हे त्यांचं काम. तासभर उशीर झाला तर माल मऊ पडतो. त्या घरात दार कधी उघडायचं ते हाच सांगायचा. दाराच्या फटीला नाक लावायचा आणि म्हणायचा, "अजून नाही." त्याचे वडील, आबा, त्याच्या नाकावर डोळे झाकून विश्वास ठेवत. आठवड्यातले चार दिवस तो जळगावात काकांच्या दुकानी असायचा, उरलेले सावद्याला, त्या दाराशी.

त्याची एक खोड होती. आपल्याकडे कुणाला चुकून पाय लागला तर आपण त्याला हात लावून तो हात आपल्या छातीला लावतो. आईच्या मांडीवर असल्यापासूनची सवय. हा पठ्ठ्या लढतीतसुद्धा तेच करायचा. पाय माझ्या डोक्याला लागला की त्याचा हात आपसूक खाली येऊन माझ्या खांद्याला शिवायचा आणि मग त्याच्या छातीला. सरांनी त्याबद्दल त्याला शंभर जोर काढायला लावले. तो जोर काढायचा, उठायचा, आणि पुन्हा नमस्कार करायचा. मी विचारलं तर म्हणाला, "पाय लागला तं नमस्कार करा लागते, भाऊ. मले नाही राहवत."

मला त्यात दोन गुण दिसले. दुसरं काही दिसलं नाही. त्याची लाथ मी मुद्दाम अंगावर घ्यायचो, तो नमस्काराला हात खाली आणायचा आणि तेवढ्यात मी त्याच्या कानशिलावर मारायचो. चार-पाच वेळा हलकी बसली. एक दिवस जोरात बसली. तो गुडघ्यावर आला, मग बारदानावर आडवा झाला. सर ओरडले, "शाब्बास!" ते मला उद्देशून होतं. मी खूश झालो. हे लिहिताना हात आखडतो, पण झालो होतो.

शेडबाहेर जाऊन तो ओकला. मी त्याला सायकलवर डबलसीट घेऊन डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी डोळ्यांत बॅटरी मारून पाहिली आणि मला सांगितलं, महिनाभर या डोक्याला धक्का लागता कामा नये, दुसरा मार पहिल्यासारखा नसतो. वाटेत तो म्हणाला, "सरले नको सांगू. काढून टाकतीन मले." मी म्हटलं, नाही सांगत. न सांगणं मलाही सोयीचंच होतं. नमस्कार करणाऱ्याला मी मारलं होतं.

पंधरा दिवसांनी धुळ्याला प्रदर्शनाची लढत ठरली. त्यांचा एक, आमचा एक. सरांनी त्याला निवडलं. मला नाही, त्याला! मी ज्याला पाडलं त्याला! कारण विचारलं तर म्हणाले, "त्याचा पाय वर जातो. तुझा जात नाही." मग मी डॉक्टरांचं बोलणं सरांना सांगितलं. माझ्या तोंडून निघालेली ती एकच खरी गोष्ट, आणि तीही जळफळाटाने निघाली. सरांना जळफळाट तेवढा ऐकू आला. म्हणाले, "ही लेझीम नाही. चक्कर सगळ्यांना येते." त्यालाही मी म्हटलं, जाऊ नको. तो जाणारच होता. आबांना पत्र टाकून त्याने धुळ्याला बोलावलं होतं.

एस.टी.ने एरंडोल, पारोळा करत आम्ही धुळ्याला पोचलो. एका शाळेच्या पटांगणात फळ्या जोडून मंच केला होता, त्यावर ताडपत्री, मागे झालर. प्रमुख पाहुणे म्हणून एक मारवाडी कापडवाले शेठजी बसले होते. बिचाऱ्यांना शेवटपर्यंत वाटत होतं की आता नाटक सुरू होणार आहे.

धुळ्याचा गडी सोनगीरहून सायकलने आला होता. साधा माणूस. चहाच्या टपरीवर तो माझ्याशेजारी बसला. बोलता बोलता त्याने अहिराणीत विचारलं, "तुमना गडी भारी शे म्हणतस. त्यानी खोड काय शे, भाऊ?"

मला निवडलं नव्हतं, हे पोटात जळत होतं. त्यात समोरचा मला जाणकार समजून विचारतो आहे. मी बशीतला चहा संपवला आणि सांगितलं, "त्याचा पाय तुला लागला की त्याचा हात खाली येतो. तेव्हा मार." एवढं बोलायला कितीसा वेळ लागतो? आणखी एक चहा सांगून मी तोही प्यायलो.

पहिली लाथ आमच्याच गड्याची बसली. सुरेख, हलकी, कानाच्या वर. टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेत त्याचे आबा पागोटं सावरून पुढे वाकले. त्याचा हात समोरच्याच्या खांद्याला लागला, छातीकडे निघाला, आणि वाटेतच सोनगीरच्या गड्याची लाथ आली. ती त्याने पाहिलीच नाही. तो सरळ मागे पडला आणि डोक्याची मागची बाजू फळीवर आपटली. तो आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला.

सर धावत मंचावर गेले आणि त्यांनी काय करावं? बेशुद्ध माणसावर वाकून कोरियन आकडे मोजले. एकापासून दहापर्यंत, स्पष्ट उच्चारात. एवढी विद्या त्यांना येत होती आणि ती त्यांनी पुरेपूर वापरली. आबांच्या शेजारचा एक म्हातारा उठून उभा राहिला आणि मोठ्याने म्हणाला, "डोकाले पाय लावतस! बठ्ठा येडा शेतस!" सगळेच वेडे, असं तो म्हणाला, आणि त्या पटांगणात शहाणं बोलणारा तो एकटाच होता. सोनगीरचा गडी रडत होता. आडव्या पडलेल्या माणसाच्या पायांवर त्याने डोकं ठेवलं. आबा मंचावर चढले ते मुलाच्या डोक्याखाली पागोट्याची घडी करून बसले. मी खालीच उभा होतो.

तो तासाभराने शुद्धीवर आला. चालू लागला, बोलू लागला, सगळ्यांनी देवाचे आभार मानले. वर्ग दोन महिन्यांनी आपोआप बंद पडला. सरांनी पुढे विम्याचं काम धरलं, तिथेही छाती फुगवूनच.

काही वर्षांनी मी सावद्याला गेलो. सगळं सांगून टाकायचं असं ठरवून गेलो होतो, रस्ताभर वाक्यं जुळवत. तो मला केळीच्या खोलीकडे घेऊन गेला. आबा आता राहिले नव्हते. दार बंद होतं, फटीतून धूर आणि पिकत्या केळ्यांचा दाट गोड वास बाहेर येत होता. तो दारापासून हातभर लांब उभा राहिला.

"येते का वास?" त्याने मला विचारलं.

"येतो की."

"मले नाही येत. धुळ्यापासून नाही. बायको उघडते आता दार." मग हसून म्हणाला, "त्या सोनगीरवाल्याची काय चूक? माहाच हात खाली आला."

आम्ही ओट्यावर बसलो. त्याने पाय दुमडताना तो माझ्या गुडघ्याला जरासा लागला. लगेच वाकून त्याने माझ्या गुडघ्याला हात लावला आणि तो हात आपल्या छातीला नेला.

मी त्याच्या डोक्याला पाय लावला होता. एकदा माझा आणि एकदा दुसऱ्याचा. मी हात जागचा हलवला नाही. चहा प्यायलो, दोन फण्या केळी पिशवीत घेतली आणि जुळवलेली वाक्यं तशीच घेऊन दुपारच्या गाडीने जळगावला परत आलो.