कमलबाईचं नाव

"दारात उभं राहिल्याबिगर माणूस कळत न्हाई," असं सटवाजीबाबा नेहमी म्हणत. मतदारयादी काखेत घेऊन तीस वर्षं ते पुसेगावात घरोघर फिरले. सोबत बायको, कमलबाई. बाबा ओसरीपाशी थांबून बाप्यांशी बोलत. कमलबाई सरळ चुलीपर्यंत जाई. कोण वारलं, कोण ऊसतोडीला गेलं, कुणाच्या घरी नवी सून आली, सगळं दोघांना पाठ.

कमलबाईला जाऊन दोन वर्षं झाली. यंदा जिल्हा परिषदेची निवडणूक लागली आणि बाबांना प्रचाराचं बोलावणं आलं नाही. रोज सकाळी धुतलेलं धोतर नेसून ते बाजेवर बसत. प्रचाराच्या गाड्या दारावरून जात, एकही थांबत नसे. पाचव्या दिवशी ते आपणहून उमेदवाराच्या कार्यालयात आले. मी तिथं पत्रकांचे गठ्ठे बांधत होतो.

कार्यालय सांभाळणारा देविदास हसून म्हणाला, "बाबा, आता समदं मोबाईलवर होऊन राहिलं. तुमी पायाला आराम द्या, च्या घ्या."

हिंगोलीहून आलेली आकांक्षा लॅपटॉपवरून प्रचाराचे संदेश पाठवत बसली होती. गावात प्रत्येकाला संदेश पोचलाय, असं तिनं आदरानं सांगितलं. बाबांनी तिला नावं वाचायला लावली. खुर्शीदबीपाशी तिला थांबवलं. तो नंबर म्हातारीच्या हैदराबादच्या लेकाचा; तिला मतदान कधी आहे हेही ठाऊक नसणार. थावरा ऊसतोडीला साखर कारखान्यावर गेलेला. त्याला आणायला गाडी धाडावी लागेल. आकांक्षा लिहून घेऊ लागली. देविदासनंही खुर्ची जवळ ओढली. बाबांच्या आवाजात जुना जोर आला.

मग तिनं वाचलं, "कमलबाई सटवाजी खिल्लारे, वय एकोणसत्तर. संदेश पोचला, वाचलासुद्धा. आजोबा, यांना केंद्रावर आणायला रिक्षा लागेल का?"

देविदासनं मान खाली घातली. बायकोचा मोबाईल बाबांच्या बंडीच्या खिशात होता. तो त्यांनी कधी बंद पडू दिला नव्हता. गावात कुणीही वारलं की त्याचं नाव कमी करायला तेच सांगून येत. हे एक नाव सांगायला ते गेलेच नव्हते.

"न्हाई," ते म्हणाले. "ती माझी बायको. न्हाई राहिली आता. खोड तिचं नाव, पोरी. माझ्याच्यानं झालं न्हाई."

आकांक्षानं नाव खोडलं. यादी छापून दोन्ही हातांनी त्यांच्यापुढं धरली. देविदासनं आजपासूनच घरोघर फिरायला लागा म्हणून सांगितलं. हवं ते मिळालं होतं, तरी बाबा तसेच उभे राहिले.

"घरात बायांशी कोण बोलंल?" त्यांनी आकांक्षाला विचारलं. "तू येतीस का?"

ती उठलीही. पण दुपारच्या आत आणखी चार गावांचे संदेश जायचे होते, आणि देविदासनं तशी आठवण करून दिली. ती परत बसली.

"राहू दे," बाबा म्हणाले. "तुझं काम कर."

ते एकटेच पायऱ्या उतरले आणि खुर्शीदबीच्या गल्लीकडं चालू लागले. आकांक्षा दारात येऊन उभी राहिली. मागून देविदास तिला हाका मारत होता. बाबा वळणाआड होईपर्यंत ती हलली नाही, आणि मीही.