शिट्टी नसलेला कुकर

"सुटली बिचारी." शुभाताईंना खाली नेलं तेव्हा जिन्यात हे पहिल्यांदा ऐकलं, आणि मग तेराव्यापर्यंत ऐकतच राहिले. त्या दिवशी सकाळी मी परीला दूधपोळी भरवत होते. भाऊंचा, म्हणजे ताईंच्या मिस्टरांचा, फोन आला. "सविता, ही उठत नाहीये गं." झोपेतच गेल्या होत्या. महिना उलटून गेला, पण तो शब्द माझ्या डोक्यातून जात नाही. सुटली म्हणजे कशातून? तेजसमधून? पोटच्या पोरातून कधी कुणी सुटतं का... आणि माझ्या मागेही माझ्या परीकडे बघून लोक हेच म्हणणार.

माझं शिक्षण सातवीपर्यंत. लग्न करून जालन्याकडच्या खेड्यातून मुलुंडला आले, माहेर-सासर सगळं तिकडंच. परी मोठी व्हायला लागली तरी बोलेना, डोळ्याला डोळा देईना. डॉक्टरांनी ऑटिझम सांगितलं, पण इतकं भरभर की घरी येईपर्यंत मला तो शब्दही धड म्हणता येईना. सासूबाई फोनवर म्हणाल्या, "बाहेरचं असंल, उतरवून घे." एकदा बागेत परी अशीच जमिनीवर पडून किंचाळायला लागली. घोळका जमला. एक काका म्हणाले, दोन ठेवून द्या, गप्प होईल. मी खरंच हात उचलला होता. तेवढ्यात एक उंच, सुती साडीतली बाई घोळक्यात घुसली. "काय सर्कस लागलीय काय इथे? चला, पुढे व्हा." मग ती त्या मातीतच परीच्या शेजारी बसली. परीला काही बोलली नाही, हात लावला नाही. मलाच म्हणाली, "तू आधी रडायची थांब बघू. तिला तुझं रडणं पण ऐकू येतंय." थोड्या वेळाने परी आपली आपण शांत झाली. त्या शुभाताई. जरा मागे त्यांचा तेजस उभा होता, मिसरूड फुटलेला, कानांवर हात ठेवून.

त्या दिवसापासून मी त्यांच्या घरी जायला लागले. "मराठीत स्वमग्न म्हणतात," त्यांनी सांगितलं, "पण मग्न-बिग्न काही नाही गं. ह्यांना सगळं कळतं, सगळं ऐकू येतं. जरा जास्तच." त्यांच्या कुकरला शिट्टी नव्हती. लहानपणी एकदा शिट्टी झाली आणि तेजसने भिंतीवर डोकं आपटून कपाळ फोडून घेतलं, तेव्हा ताईंनी ती कचऱ्यात टाकली. त्यानंतर डाळ आदल्या दिवशी भिजवायची, झाकण नुसतं ठेवायचं आणि शिजेपर्यंत गॅसजवळ उभं राहायचं. "शेजारणी विचारतात, तुमच्याकडे वरण होतं की नाही? म्हटलं, होतं, पण गाजावाजा करत नाही." असं सांगून त्या हसायच्या. सोसायटीच्या गणपतीत कमिटीचे लोक म्हणाले, तेजसला आरती झाल्यावर आणा, बाकीच्यांना त्रास होतो. ताई म्हणाल्या, "मग बाप्पाला एवढे मोठे कान दिलेत कशाला? त्याला तरी विचारलंत का?" मी तिथेच उभी होते. तीच माणसं तेराव्याला फोटोपुढे फुलं ठेवून देवमाणूस, देवमाणूस म्हणत होती.

त्याच तेराव्याला घात झाला. भाऊंची मोठी बहीण कणकवलीहून आली होती. स्वयंपाक हातात घेतला तर कुकरला शिट्टी नाही. तिला वाटलं, हरवली असेल. खालच्या भांड्यांच्या दुकानातून नवी मागवली आणि कुकर चढवला. तेजस सकाळपासून आईच्या फोटोसमोर बसला होता, फोटोच्या काचेवरून बोट फिरवत. एक आवाज नाही त्याचा. मी परीला घेऊन दारात चपला काढत होते आणि शिट्टी झाली... तेजस ओरडत उठला, समया पडल्या, तो भिंतीवर डोकं आपटायला लागला. लोक मागे सरले. मी धावत जाऊन गॅस बंद केला. "कुकरची शिट्टी झाली हो, त्याला ती सहन होत नाही." बहीण म्हणाली, "कुकराच्या शिटयेक खंय कोण घाबारता? वेड्याचो झटको तो." आणि तिथेच, फोटोपुढे, त्याच्यादेखत नातेवाइकांनी निकाल लावला. कर्जतच्या पुढे अशा मुलांचं कुठलंसं गृह आहे, तिथे ठेवा. बाप एकटा काय करणार? त्याला काय कळतंय? मला वाटलं होतं, भाऊ आता काही बोलतील. ते मान खाली घालून बसले होते. इतकी वर्षं एका घरात राहून या माणसाला माहीत नव्हतं, आपल्या कुकरला शिट्टी का नाही? जालन्याची सातवी पास बाई मी, परक्या घरच्या तेराव्याला काय बोलणार? पण घरी येऊन पोळपाट आपटला, इतका की परी घाबरली, आणि मग मलाच लाज वाटली.

परवा डबा घेऊन गेले, खरं तर तेजस आहे की नेला, ते बघायलाच. दार उघडंच होतं. तेजस ताईंच्या खाटेवर बसून त्यांच्या साडीचा काठ बोटांत सरकवत होता. कपाळावरची खपली वाळली होती. भाऊ स्वयंपाकघरात गॅससमोर उभे होते. कुकरवर नुसतं झाकण. मी ओट्यावर, फळीवर बघितलं, शिट्टी कुठे नव्हती.

"डाळ शिजतच नाहीये गं. सकाळपासून तिसरं पाणी घातलं," भाऊ वळूनसुद्धा न बघता म्हणाले. "ही आधी भिजत घालायची का?"

हे ताई असताना का नाही विचारलंत, असं अगदी ओठांवर आलं होतं. अजूनही आहे.

"आदल्या दिवशी," मी म्हटलं. त्यांनी मान हलवली, डब्यातून दोन मुठी तुरीची डाळ काढली आणि उद्यासाठी पातेल्यात भिजत घातली.