गुडघ्यावर बिब्बा

कुत्रं माझं नव्हतं, वडिलांचं होतं. हे आधीच सांगून टाकतो, कारण त्या हिवाळ्यात गुडीहत्नूरच्या बसथांब्यापासून माझ्या शाळेपर्यंत सगळ्यांनी ते माझं करून टाकलं होतं. मास्तरनं कुत्र्याला जीप करून नागपूरला नेलं, गुडघ्याचं ऑपरेशन केलं, असं लोक एकमेकांना सांगत आणि माझ्यादेखत हसत. मी वरवर चिडायचो. आतून मात्र मला ते आवडत होतं. 'लिगामेंट' हा शब्द आमच्या आळीत मी आणला होता आणि कुणी विचारो न विचारो, तो मी सगळ्यांना समजावून सांगत होतो.

आई गेल्यावर वडील खेड्यातली खोली बंद करून आमच्याकडे राहायला आले, ते हे कुत्रं घेऊनच. नेरडीगोंड्याकडच्या एका मोठ्या शेतकऱ्याकडे त्यांनी उभी हयात सालगडी म्हणून काढली होती. मालकाच्या बैलांचं खाणंपिणं, त्यांचे खूर, खांदे, लचकलेले पाय सगळं तेच बघत. त्यांना अक्षरओळख नव्हती. घरात शिकलेला पहिला माणूस मी, मराठी शाळेवर मास्तर झालो. बायकोही शिक्षिका. आम्ही दोघं नऊ वाजता घराबाहेर पडलो की संध्याकाळीच परत. शेजारी सगळे तेलुगू बोलणारे, वडिलांचं तेलुगू बाजारापुरतं. त्यामुळे दिवसभर ते कुत्र्याशी बोलत. सकाळी आणि संध्याकाळी दोघं सात नंबरच्या हायवेच्या कडेनं नाल्यापर्यंत जाऊन येत. आमच्या घरात आल्यापासून त्यांचं स्वतःचं म्हणावं असं तेवढंच होतं.

दिवाळीनंतर कुत्रं कपाशीतून डुकरामागे धावलं आणि त्याचा मागचा पाय जमिनीच्या भेगेत अडकला. तीन पायांवर घरी आलं. जनावरांच्या डॉक्टरनं दोन आठवडे इंजेक्शनं दिली आणि शेवटी तेलुगूत सांगितलं की आतला बंध तुटलाय, इथं काही होणार नाही. तेव्हापासून वडिलांनीही फिरणं सोडलं. कुत्रं ओट्यावर, ते ओट्यावर. महिन्याभरात त्यांची पाठ वाकली. कुत्रं चाललं तर बाबा चालतील, हे मला कळत होतं आणि म्हणून मी नागपूरला गेलो. हैदराबाद आमची राजधानी खरी, पण आजारपण आलं की आमच्याकडची माणसं पैनगंगेचा पूल ओलांडून नागपूरच गाठत. माझ्या पोटात वडिलांविषयी माया होती, ती त्या जीपच्या प्रवासात होती. नंतर ती कुठं गेली ते पुढं येईलच.

तिथल्या डॉक्टरनं सांध्याच्या बाहेरून नायलॉनचा जाड दोरा घालून गुडघा आवळला. दोन महिने त्या दोऱ्याला जपा, म्हणाले. धावणं नाही, उडी नाही, पायऱ्या नाहीत. टाके चाटू द्यायचे नाहीत. पहिले काही दिवस बर्फ, मग कोमट शेक, मग पाय हातात धरून हलके हलके वाकवायचा आणि सोडायचा. पाय टेकवायला लागला म्हणजे बरा झाला असं समजू नका, हे त्यांनी दोनदा बजावलं.

मी घरी आलो तो साहेब होऊनच. समोरच्या खोलीतली गुळगुळीत फरशी निसरडी, म्हणून तिच्यावर पोती अंथरली. प्लास्टिकच्या बादलीचं बूड कापून ती कुत्र्याच्या गळ्यात अडकवली. बायकोच्या जुन्या साडीची पट्टी केली, बाहेर नेताना पोटाखालून घालून मागचा भाग उचलून धरायला. आणि या सगळ्याच्या सूचना मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून तो कागद भिंतीला चिकटवला. दिवसभर कुत्र्याजवळ बसणाऱ्या माणसाला वाचता येत नव्हतं. हे लिहिताना मला कळत नव्हतं असं नाही. मास्तर माणूस, हात शिवशिवतात.

वडिलांनी मात्र ऐकून ऐकून सगळं पाठ केलं. पहिले दोन आठवडे त्यांनी त्या कुत्र्याचं जे केलं ते मी केलं नसतं. साडीची पट्टी दोन्ही हातांनी धरून वाकून वाकून अंगणात न्यायचे. मांडीवर पाय घेऊन वाकवत बसायचे, ते दुखलं की थांबायचे. संध्याकाळी घरी आल्यावर मी विचारायचो, शेक किती वेळ दिला, बादली काढली होती का, पायरी उतरू दिली का. शाबास एकदाही म्हणालो नाही. वर्गात पोरांना उठसूट म्हणतो.

टाके निघाले. चार दिवसांनी कुत्र्यानं पाय टेकवला. वडील मला बघायला बोलवायला आले, त्यांचे डोळे भरले होते. मी म्हटलं, डॉक्टरनं काय सांगितलंय ते विसरू नका.

मग थंडी वाढली. आमच्या जिल्ह्याची थंडी हाडात शिरते. एका सकाळी कुत्र्यानं पाय पुन्हा वर धरला. वडील चहा पिताना म्हणाले, पाय गार लागते त्याचा, वात धरला वाटते. मी शर्टाची बटणं लावत होतो. म्हटलं, सांगितलं तेवढंच करायचं, आपलं डोकं चालवायचं नाही. ते पुन्हा चहा पिऊ लागले आणि मी बस पकडायला निघून गेलो. थांबून पायाला हात लावून पाहिलं असतं तर किती वेळ गेला असता? बस त्या दिवशी उशिरानंच आली होती.

संध्याकाळी दारातूनच कण्हणं ऐकू आलं. कुत्र्याचा गुडघा सुजून लाल झाला होता. ऑपरेशनसाठी हजामत केलेल्या कातडीवर काळ्या फुल्या होत्या आणि फुल्यांच्या भोवती पाण्यानं भरलेले फोड. खायला घालताना बादली काढलेली होती, तेवढ्यात त्यानं गुडघा चाटला आणि जीभही उतली होती. तोंडातून लाळ गळत होती. वडील त्याच्यासमोर खोबरेल तेलाची वाटी घेऊन बसले होते.

बिब्बा ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडच्या जंगलात तो भरपूर. दाभणाला टोचून दिव्यावर धरला की त्यातून काळं तेल सुटतं. त्या गरम तेलाच्या फुल्या लचकलेल्या जागी देतात. बैल लंगडला की बिब्बा, माणसाचं कंबरडं धरलं की बिब्बा. कुणाला तो मानवतो, कुणाला उततो, म्हणजे अंगभर फोड येतात. वडिलांनी हयातभर किती बैलांना तो दिला असेल, आणि ते बैल दुसऱ्या दिवशी औताला चाललेही असतील.

"हे काय केलं बाबा?"

"बिब्बा देल्ला. वात मोकळा होते त्यानं. बैलाले असाच देत होतो."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हणालो ते जसंच्या तसं लिहितो, कारण आजवर ते मी कुणाला सांगितलेलं नाही.

"जनमभर दुसऱ्याचे ढोरं राखले म्हून डॉक्टर झाले का तुमी? आजपासून याले हात लावाचा नाई."

"बरं," ते म्हणाले. वाटी खाली ठेवली आणि भिंतीला धरून उठले.

ती ढोरं राखूनच त्यांनी मला शिकवलं होतं. हे मला त्याही क्षणी ठाऊक होतं. ठाऊक असून मी बोललो, आणि बोलून झाल्यावर मला बरं वाटलं, हे त्याहून वाईट. बायको रात्रीच्या जेवणाला एवढंच म्हणाली की त्यांना असं बोलायला नको होतं. मी तिच्यावरही खेकसलो.

फोड फुटले, चिघळले, पू आतपर्यंत गेला. पुन्हा जीप, पुन्हा नागपूर. या वेळी वडील सोबत आले नाहीत, मीही या म्हटलं नाही. काय लावलं होतं, असं डॉक्टरनं विचारलं तेव्हा मी चटकन म्हणालो, वडिलांनी बिब्बा लावला, जुनी माणसं आहेत. डॉक्टरनं मान हलवली. त्या माणसाला मी त्या दिवशी सकाळीच गप्प केलं होतं, ते काही मी सांगितलं नाही. दोरा काढावा लागला. जखम महिन्याभरात भरली, पण गुडघा कायमचा ढिला राहिला. कुत्रं चालायचं, चार पावलांत एकदा पाय टेकवून. नाल्यापर्यंत जाणं पुन्हा झालं नाही, त्याचं नाही आणि वडिलांचंही नाही.

संक्रांत होऊन गेल्यावर एका रविवारी वडील न्हाणीत बसले होते आणि मी त्यांना गरम पाण्याची बादली द्यायला गेलो. त्यांनी धोतर मांडीपर्यंत खोचलं होतं. दोन्ही गुडघे काळेठिक्कर. वर्षानुवर्षांच्या फुल्या एकमेकींवर चढून कातडी चामड्यासारखी झाली होती. उजव्या गुडघ्यावरच्या दोन फुल्या मात्र अलीकडच्या होत्या, अजून ठळक. या कधीच्या, मी विचारलं.

"त्याच दिवशीच्या," ते म्हणाले. "आधी माह्या पायाले लावून पाह्यला. लय जहाल असन तर त्याले सोसणार नाई म्हून. मले काईच नाई झालं."

एवढ्या वर्षांच्या बिब्ब्यानं त्यांना काय होणार होतं. त्या गुडघ्यांवर ते रोज नाल्यापर्यंत जाऊन येत होते आणि ते दुखतात हे मला माहीत नव्हतं. मी कधी विचारलंच नव्हतं. तेव्हा तरी विचारायला हवं होतं, माफी मागायला हवी होती. मी पाणी विसणलं, तांब्या त्यांच्या हातात दिला आणि बाहेर आलो. मला माझी लाज वाटत होती, आणि लाज वाटली की मी गप्प बसतो. माझा तो जुना स्वभाव आहे.

कुत्रं त्यानंतर चार वर्षं जगलं. वडिलांनी त्याला पुन्हा हात लावला नाही. रुसून नव्हे. रुसणं त्यांना परवडलंच नव्हतं कधी. एखादं काम करू नको म्हटलं की ते करायचं नाही, या शिस्तीत त्यांचा जन्म गेला होता, आणि मी म्हटलं होतं. कुत्रं बाजेजवळ यायचं, लोंबत्या हाताखाली डोकं घालायला बघायचं. ते हात उचलून छातीवर ठेवायचे. बोलायचे त्याच्याशी, भाकर माझ्या बायकोच्या हातून घालायला लावायचे. मी हे रोज पाहत होतो. दिवसभर वर्गात बडबड करणारा माणूस मी, मला एक वाक्य बोलायला तीन वर्षं लागली.

ते अंथरुणाला खिळले तेव्हा मी बाजेजवळ बसून म्हणालो, "बाबा, लावा ना हात त्याले."

त्यांनी कुत्र्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"राहू दे," ते म्हणाले. "त्यालेई सवय झाली आता."

कुत्र्याचं तोंड तेव्हाही बाजेच्या काठावर, त्यांच्या हातापासून वीतभर अंतरावर होतं.