बटनवालीचा पत्ता

बटनवालीचं दुकान दोन हात रुंद. भिंतभर छोटे खण आणि प्रत्येक खणावर आतलं एक बटन दोऱ्याने बांधलेलं. बावीस वर्षांपूर्वी तिच्या दिराला कॉम्प्युटरचं वेड लागलं होतं, तेव्हा त्याने हौसेने दुकानाची वेबसाइट काढून दिली. नाव घेतलं नुसतं 'बटन', पुढे डॉट आणि देशाची दोन अक्षरं. त्या वेळी ते कुणाला नको होतं. साइटवर अजूनही दुकानाचा एक फोटो आणि तिचा नंबर, बस.

यंदा एक दलाल आला. जागांचे असतात तसा हा वेबसाइटच्या नावांचा. स्टुलावर बसून त्याने गुण सांगितले. एकच शब्द, तोही शेंबड्या पोराला ठाऊक असलेला. मध्ये आडवी रेघ नाही की आकडा नाही. शिवाय जुनं. अशी नावं आता शिल्लकच नाहीत. त्याने देऊ केलेल्या किमतीत भाड्याचं दुकान स्वतःचं झालं असतं.

"एकदा ऐकलं की माणूस विसरत नाही, बाई," तो म्हणाला. "पैसे त्याचेच आहेत."

बटनवालीला लेक आठवली.

तिची लेक सव्वीस वर्षांची. लाँड्रीत चादरींच्या घड्या घालते, त्या अशा की फुटपट्टी लावून बघावी. पण आकडे तिच्या डोक्यात टिकत नाहीत. खिशातल्या चिठ्ठ्या धुण्यात गेल्या, दोन मोबाइल बसमध्ये राहिले. तीनदा ती चुकीच्या बसने भलतीकडे पोचली. तिन्ही वेळा समोरच्या माणसाला तिने वेबसाइटचं नाव सांगितलं, त्याने ते मोबाइलवर टाकलं आणि इकडे दुकानात फोन वाजला.

"वहिनी, दैव देतं नि कर्म नेतं, असं करू नका," दीर म्हणाला. दलाल बदल्यात दुसरं नाव फुकट देत होता, जरा लांब, मध्ये रेघ असलेलं. ते लेकीला शिकवू, असं ठरलं. तीन आठवडे मायलेकी भाजी चिरताना घोकत होत्या. घरात लेक एकदाही चुकली नाही. बटनवालीने दुकानाच्या मालकाशी खरेदीचं बोलणंही सुरू केलं.

तरी एका गुरुवारी तिने दिराच्या ओळखीतल्या एका बाईला बसस्टॉपवर पाठवलं. लेकीने तिला कधी पाहिलेलं नव्हतं. बाईने विचारलं, घर कुठे गं तुझं? लेक बावरली. नवं नाव रेघेपर्यंत आलं आणि अडलं. मग तिने जुनंच सांगून टाकलं.

दुकानात फोन वाजला तेव्हा दीर स्टुलावरच बसला होता.

"दलालाला नाही म्हणून कळवा, भावोजी. आणि या नावाचे पैसे पुढे किती वर्षांचे भरून ठेवता येतात?"

"दहा. एका वेळी त्याहून जास्त घेत नाहीत."

दहा वर्षांनी ती एकाहत्तरची होणार होती.

"भरा दहा," ती म्हणाली. "आणि कसं भरतात ते तुमच्या सुनेलाही दाखवून ठेवा."