ह्यांनी घेतलेला मोठा कॅमेरा

आमचे हे मुंबईच्या कोटातल्या एका साहेबाच्या स्टुडिओत काचा धुवायचे आणि उन्हात कागद छापायचे. फोटो साहेब काढायचा, खाली नाव साहेबाचं. सहा वर्षं असं चाललं आणि मग ह्यांनी ठरवलं की गिरगावात स्वतःचा स्टुडिओ काढायचा. पाटी आधी रंगवून आणली. कॅमेरा नव्हताच, म्हणून ती पाटी माळ्यावर उलटी करून ठेवली होती.

कॅमेऱ्यासाठी माझ्या पाटल्या मोडल्या. पाटल्या माझ्या, म्हणून मीही दुकानात गेले. बायका तेव्हा असल्या दुकानात पाऊल टाकत नसत. हे रस्त्यानं दहा पावलं पुढे चालले होते, जशी काही मी दुसऱ्या कुणाची बायको.

दुकान काळबादेवीला, एका पारशाचं. विलायतेला परत जाणाऱ्या साहेबांचं सामान तो घ्यायचा आणि विकायचा. त्यानं दोन कॅमेरे काढून ठेवले. एक लहान, घडी होणारा, काखेत मावेल एवढा. त्याचा पुढेमागे सरकणारा घड्यांचा भाता काळ्या कापडाचा, एका कोपऱ्यात ठिगळ लावलेला. दुसरा सागवानी, पितळी कोपऱ्यांचा, वाटीएवढं भिंग, आणि भाता तांबड्या चामड्याचा. तो तिवईवर चढवला की माझ्या डोक्याच्या वर जायचा. हलवायला दोन माणसं लागायची.

"हा घ्या," मी लहानाकडे बोट दाखवलं. "घरोघर नेता येईल."

"घरोघर फिरतो तो कासार," हे म्हणाले. "फोटोग्राफरकडे लोक चालत येतात."

पारशी हसला. "मास्तर, तुमची बायडी शाणी हाय. लोक येल तर मोटा घ्या, नाय येल तर छोटा."

"येतील."

"मग काय बोलायचा! चामडा बघा, असल हाय. तीस वरस फाटनार नाय."

ह्यांनी त्या चामड्यावरून असा हात फिरवला, जसा माझ्या पाठीवरून कधी फिरवला नाही. मोठाच घेतला.

वाडीच्या तोंडाशी माडीवर एक खोली घेतली. छपरातली काही कौलं काढून तिथे काचा बसवल्या. पाटी लागली. पहिल्या महिन्यात चार गिऱ्हाइकं आली, चारही पुरुष, त्यातले दोन ह्यांचे मित्र. फोटो काढला की आयुष्य कमी होतं असं लोक तेव्हा मानायचे. आणि बायकांनी तर परक्या पुरुषासमोर बसायचं म्हणजे काय, प्रश्नच नव्हता. वर्षभर असंच गेलं. साहेबाची नोकरी सोडलेली. तिथे दुसरा माणूस लागलाही होता.

शेवटी मीच म्हटलं, "मला शिकवा. बाई फोटो काढते म्हटल्यावर बायकांची घरं उघडतील."

ह्यांना ते पटायला दोन महिने लागले. दुसरा रस्ताच नव्हता, म्हणून पटलं. पण शिकवलं ते एवढंच: भिंगावरचं झाकण काढायचं, सांगितलेले आकडे मोजायचे, झाकण लावायचं. नजर लावायची ती ह्यांनी. समोर रिकामा पाट किंवा खुर्ची मांडायची, हे मागच्या धुरकट काचेतून बघून सगळं नीट जुळवणार, फोटो जिच्यावर उमटतो ती मसाल्याची काच आत सरकवणार आणि बाहेर जाणार. मग बाई येऊन त्याच जागी बसेल आणि मी झाकण काढीन.

पहिलं बोलावणं आलं ते मोठं आलं. वाडीपलीकडच्या एका वकिलाच्या घरून. त्यांची आई फार थकली होती, तिचा फोटो हवा होता. गिरगावातली दहा-बारा मोठी घरं त्या घराकडे बघून चालायची. हा फोटो नीट आला असता तर ती सगळी घरं आमची झाली असती. हे आदल्या दिवशी जेवले नाहीत. तीनतीनदा भिंग पुसत होते.

दोन हमाल करून कॅमेरा नेला. म्हातारीच्या खोलीच्या उंबऱ्याशी तिची थोरली सून आडवी उभी राहिली.

"हे काय, चामडं?"

"भाता आहे, बाई," हे म्हणाले.

"सासूबाई सोवळ्यात असतात. चामडं आत जायचं नाही."

ह्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर बरं झालं असतं, कारण लहानाच्या कापडी भात्याचं मी काही काढणार नव्हते. वकील म्हणाले, "बाहेरूनच काढा. दिसते की आई इथून." म्हणून कॅमेरा उंबऱ्याच्या बाहेर उभा केला. आत उजेडाच्या जागी पाट मांडला, ह्यांनी नजर लावली, काच घातली आणि ओसरीवर गेले.

सुनेनं म्हातारीला धरून आणलं. लाल आलवण, डोईवर पदर, अंगावर मांस नाही. ती पाटावर बसली आणि लगेच कलंडली. टेकायला काही नव्हतं. सुनेनं तिला मागे ओढून भिंतीला टेकवलं. पाट पुढेच राहिला, म्हातारी दोन हात मागे.

"पुढे आणता येतील का?" मी विचारलं.

"मला नाही पुढे यायचं," म्हातारी म्हणाली. "लेकाला मेल्यावर भिंतीला टांगायला आई हवी आहे. जिवंत आईजवळ बसायला त्याला वेळ नाही. काढ बाई, काय काढायचं ते लवकर काढ."

चेहरा नीट येणार नाही, हे मला कळलं होतं. कॅमेरा दोन हात पुढे घेतला असता तर झालं असतं, पण मध्ये उंबरा होता. नवीन नजर लावायची तर मला येत नव्हती, आणि पाटावर चढूनही मागच्या काचेपर्यंत माझं डोकं पोचत नव्हतं. ह्यांना आत बोलावता येत नव्हतं. त्या वेळी फोटो होत नाही असं सांगायला हवं होतं. ओसरीवर हे ताटकळत उभे होते. मी झाकण काढलं.

काच धुतल्यावर पाट सुरेख उमटला. लाकडाची रेघन् रेघ दिसत होती. मागे पांढुरकी भुकटी उडाल्यासारखी म्हातारी.

आठ दिवसांत ती गेली. तेराव्यानंतर वकील स्वतः माडीवर आले. फोटो हातात धरून म्हणाले, "यात आईचा चेहरा कुठे आहे?" आवाज चढवला नाही. फोटो टेबलावर ठेवला आणि जिना उतरले. त्यानंतर एकही घर उघडलं नाही.

त्याच पावसाळ्यानंतर गाठीच्या तापाची, प्लेगची, साथ आली. वाड्या रिकाम्या होऊ लागल्या. माझ्या भावानं गावाहून निरोप पाठवला की दोघं निघून या.

"आगबोटीवर हे धूड कोण घेईल?" हे म्हणाले.

"ते राहू दे इथे."

"गोरे सोजीर येतात, घर धुतात, दिसेल ते रस्त्यावर जाळतात. तू जा. मी त्याच्याजवळ राहतो."

"लहान घेतला असता तर काखेत मारून आला असतात."

भांडणात मी हे आधी शंभरदा म्हटलं होतं. त्या दिवशी म्हणायला नको होतं. ते ऐकल्यावर तर हे येणारच नव्हते. मी एकटी बोटीत बसले.

दीड महिन्यानं शेजाऱ्याचं कार्ड आलं. माहेरी वाचणारं दुसरं कुणी नव्हतं. मी तिसरी शिकलेली, म्हणून माझ्याच हातात दिलं. मी ओळीवर बोट ठेवून मोठ्यानं वाचलं. ताप आल्यावर तीन दिवस ह्यांनी दार लावून घेतलं होतं, कळलं तर माणसं येतील आणि खोली धुतील म्हणून. चौथ्या दिवशी दार फोडून इस्पितळात नेलं. तिथून परत आले नाहीत. कार्ड वाचून झाल्यावर आई म्हणाली, "परत वाच." मी परत वाचलं.

साथ ओसरल्यावर मी मुंबईला आले. खोली धुतलेली होती, भिंतींना चुना लावलेला. कॅमेरा कुणी जाळला नव्हता. नुसता औषधाच्या पाण्यानं भिजवला होता. लाकूड फुगलं होतं आणि चामड्यावर हिरवी बुरशी चढली होती. पारशानं येऊन भिंग तेवढं काढून नेलं. बाकीचं नको म्हणाला.

ते मी फोडलं आणि चुलीत घातलं. मी तेव्हा गिरणीतल्या चार माणसांचे डबे करायला लागले होते आणि सरपण महाग होतं. नऊ दिवस पुरलं.