मागचं पाऊल रुंद

मोटार घेणारा माणूस आधी काय बघतो? तुम्ही काय बघाल, खरं सांगा. रंग, भोंगा, गादी, आणि शेजारी बघतायत की नाही ते. रामनगरच्या नाक्यावरचा चाकाप्पा गाडीकडे बघतच नसे. गाडी त्याच्या शेडसमोर थांबली की तो तिच्या मागे दहा-बारा पावलं चालत जायचा आणि वाकून धुळीत उमटलेला तिचा माग बघायचा. ड्रायव्हर हॉटेलातून ओरडायचा, "चाकाप्पा, गाडी हिकडं हाय!" तो मान वर न करता म्हणायचा, "गाडी पळून जात न्हाई. आदी तिचं पाऊल बघतो."

नाव त्याचं वेगळंच होतं, पण आप्पा लावल्याशिवाय आमच्याकडे माणूस वडीलधारा होत नाही आणि चाकांशिवाय हा माणूस कुणाला आठवत नसे. त्याचं घराणं बाजारकुणंगकडच्या रानातलं. वाडवडील भात पिकवायचे आणि साहेबलोकांच्या शिकारीत जनावरांचा माग काढायचे. हा तरुणपणी सागवानाच्या लॉरीवर क्लीनर म्हणून चढला, चढ-उतारांत वीस वर्षं चाकाखाली दगड लावले, आणि शेवटी नाक्यावर पत्र्याची शेड घालून बसला. पायात कधी वहाण नव्हती. वाचता येत नव्हतं. टायरवरचे आकडे मात्र तो चेहरा ओळखावा तसे ओळखायचा.

मी तिथल्या शाळेत मास्तर म्हणून गेलो तेव्हा माझ्या पिशवीत कपड्यांपेक्षा पत्रकं जास्त होती. संध्याकाळी शेडमध्ये बसून मी ती मोठ्यानं वाचायचो. एकदा वाचलं, इतिहासाचं चाक कुणाला थांबवता येत नाही. चाकाप्पानं ट्यूब घासता घासता विचारलं, "कंचं चाक? भरल्या गाडीचं का रिकाम्या?" लॉरीवाले हसले. मी रागावलो. तो म्हणाला, "रागावू नगासा, मास्तर. तुमच्या कागदात चाकं लई हायत. चिखल कुटं हाय त्येवडं लिवा." आज लिहायला बसलो की हे वाक्य आधी कानात वाजतं, आणि अर्धा कागद खोडावा लागतो.

त्याची पद्धत अशी. हॉटेलच्या चुलीची राख तो टोपलीभर आणायचा, शेडसमोर सपाट जागेवर पसरायचा आणि गाडी तिच्यावरून हळू न्यायला लावायचा. मग बसायचा उकिडवा. कुठल्या कडेला राख जास्त दबली, कुठं नक्षी पुसट आली, यावरून गाडीचा रोग सांगायचा. एका भरल्या लॉरीचा माग बघून तो म्हणाला, "डाव्या अंगाचा पाटा मोडलाय." ड्रायव्हर खानापूरचा, तोंडाळ. "भविष्य सांगूलालाय काय, आप्पा? हात पण बघ माझा!" चाकाप्पानं गाडीखाली बोट दाखवलं. ड्रायव्हर हसत खाली वाकला आणि तसाच वाकून राहिला. चाकावरच्या स्प्रिंगच्या पाट्याची दोन पानं तुटली होती. त्या दिवसापासून तो खानापूरवाला इतरांना दटावायचा, "आप्पा बोलूलालाय, गप ऐका की!"

या माणसाच्या शब्दाची खरी परीक्षा झाली ती एका लाल गाडीपायी. शेडची जागा लाकडाच्या कंत्राटदारांची. त्यांचा मुलगा, ज्याला सगळे धाकटे सावकार म्हणत, मुंबईहून दोघांपुरती, बिनछपराची, जमिनीला पोट टेकेल अशी शर्यतीची गाडी घेऊन आला. त्या हिवाळ्यात मोटारींची घाट चढण्याची शर्यत ठरली होती. सावकारांनी मुंबईहून रुंद टायरांच्या दोन जोड्या आणल्या होत्या; एक थोडी रुंद, दुसरी फारच रुंद. चाकाप्पानं गाठी मारलेल्या काथ्यानं रिम मोजली आणि फार रुंद जोडी बाजूला सारली. "बारक्या पाटावर पैलवान बसीवल्यावानी हुईल. बसंल तवर बसंल, वळताना पडंल." सावकारांनी ते मानलं. राहिली एक जोडी. ती पुढं घालायची की मागं?

"पुढं," सावकार म्हणाले. "वळवायचं काम पुढची चाकं करतात. इंजिन पुढं, वजन पुढं. तूच सगळ्यांना सांगतोस ना, गव्याचा पुढचा खूर रुंद असतो, कारण डोक्याचं ओझं पुढं असतं?"

बिनतोड होतं. चाकाप्पाचीच विद्या त्याच्यावर उलटवली होती. भोवतीचे लॉरीवाले त्याच्या तोंडाकडे बघू लागले. चाकाप्पा गाडीभोवती फिरला, मागच्या चाकापाशी बसला आणि म्हणाला, "गवा चारी पायानं चालतोय, सावकार. ही तुमची गाडी निस्ती मागल्या पायानं ढकलतीया. ह्यो गवा न्हवं. ह्यो ससा हाय. सशाचं मागलं पाऊल बघा कसं लांब-रुंद असतंय ते."

लॉरीवाले खो खो हसले. मुंबईची शर्यतीची गाडी, आणि ससा! सावकारांचा चेहरा गाडीच्या रंगाचा झाला. "मी सांगतो तसं बसव."

"तसं बसीवलं तर वळणावर शेपूट फिरवील ती. खाली दरी हाय. माझ्या हातानं व्हायचं न्हाई."

"जागा कुणाची आहे, आठवतंय ना?"

"आटवतंय की. जागा तुमची. हात माझं."

एवढं बोलून तो उठला आणि सामान गोळा करू लागला. हातोडा, पंप, टायर काढायच्या पट्ट्या. त्याची मुलगी पारू, तेव्हा वीस-बावीसची, शेडमध्ये त्याच्या बरोबरीनं काम करायची. तिनं ट्यूबांची चळत खांद्यावर घेतली. सात वर्षांची शेड एका वाक्यावर मोडायला निघालेली ती दोघं पाहून माझं रक्त उसळलं. मी मालकशाहीवर भाषण सुरू केलं. चाकाप्पा मलाच म्हणाला, "मास्तर, वाईच गप. गाडीला बोलू द्या." आणि सावकारांकडे वळला. "घाटावर जायच्या आदी त्या कापल्या शेतात चार फेऱ्या मारा. तुमच्या ड्रायव्हरकडनं पुडं बसवून घ्या. पडायचं झालं तर पिंजरात पडशीला."

ड्रायव्हरनं रुंद जोडी पुढं चढवली. कापणी झालेल्या भाताच्या शेतात सावकार निघाले. दोन फेऱ्या झकास झाल्या आणि ते आमच्याकडे बघून हात हलवूही लागले. तिसऱ्या फेरीला त्यांनी वळणातून बाहेर पडता पडता जोर दिला. मागची चाकं धसकटांवरून सटकली, गाडी भोवऱ्यासारखी फिरली आणि तोंड उलटं करून पिंजराच्या, म्हणजे भाताच्या पेंढ्याच्या, गंजीत घुसली. सगळे धावले. सावकारांच्या केसांत काड्या, चष्मा एका कानाला लोंबलेला. कुणी हसलं नाही. चाकाप्पानं आधी त्यांचे हातपाय चाचपले, मग चाकांकडे बघितलं.

"बसव तुझ्या मनासारखं," सावकार हळूच म्हणाले.

"माज्या मनासारखं न्हाई. सशाच्या." आणि त्यानं हाक मारली, "पारू, मागली दोनी तू बसीव."

सावकार चपापले. "पोरगी बसवणार?"

"माज्या बोटांत आता जोर न्हाई ऱ्हायला. तिचं बसीवलेलं चाक म्या तपासत न्हाई. तुमी तपासा पायजे तर." नाक्यावरच्या सगळ्या पुरुषांसमोर त्यानं हे सांगितलं. पारूनं पट्टी घातली, टायर रिमवर चढवला, हवा भरली, अंगठ्यानं दाबून थोडी सोडली. मग उठून तिनं हात पुसले.

शर्यतीत सावकारांचा तिसरा नंबर आला. त्यांच्या पुढच्या-मागच्या दोन गाड्या वळणावर गरकन फिरून कठड्याला लागल्या. यांचं शेपूट जागचं हललं नाही. बेळगावच्या एका वर्तमानपत्रात त्यांचा फोटो आला. खाली छापलं होतं, टायरांची निवड मुंबईच्या जाणकारांच्या सल्ल्यानं. मी तो कागद घेऊन तावातावानं शेडमध्ये गेलो, वाचून दाखवला, आणि या खोटेपणाविरुद्ध पत्रक काढतो म्हणालो. चाकाप्पानं फोटो हातात घेतला आणि माणसाकडे न बघता गाडीच्या मागच्या चाकांवर बोट ठेवलं. "बसल्यात झकास." मग पारूकडे बघून, "न्हवं गं?" पारू म्हणाली, "डावं जरा जास्तच झकास." बापलेक असे हसले की माझं पत्रक पिशवीतच राहिलं. आज ते बाहेर काढतोय. मुंबईचा कुणी जाणकार नव्हता. टायर निवडले रामनगरच्या अनवाणी माणसानं आणि बसवले त्याच्या मुलीनं. छापून घ्या.

चाकाप्पा यंदा शिमग्यानंतर गेला. आठ दिवस ताप होता. शेवटच्या दिवशी मी भेटायला गेलो तेव्हा अंथरुणावरून त्यानं बाहेर उभ्या लॉरीचा आवाज ऐकला आणि पारूला म्हणाला, "मागलं उजवं बसलंय बघ. जा, हितं काय करतीस?" ती गेली. टायर खरंच हवा जाऊन बसला होता. ती परत आली तेव्हा त्याचे डोळे मिटले होते.

बाराव्यानंतर कंत्राटदारांचे दिवाणजी शेडवर आले. म्हणाले, बाईच्या हाती टायरचं दुकान चालायचं नाही, जागा मोकळी करा. धाकटे सावकार शेजारी उभे होते. ज्या हातांनी त्यांना दरीपासून लांब ठेवलं, ते हात समोर होते. त्यांनी एवढंच म्हटलं, "दिवाळीपर्यंत बघू. गाड्या थांबल्या तर राहू दे."

पारू म्हणाली, "बगा की. म्या हितंच हाय."

ती तिथंच आहे. पण लॉरीवाले शेडसमोर वेग कमी करतात, आत बाई दिसली की पुढच्या दुकानाला जातात. तो खानापूरवाला तेवढा न चुकता थांबतो. एका गाडीवर शेड राहत नाही. तुम्ही वाचता, सभांना जाता, समतेवर टाळ्या वाजवता. तुमच्यापैकी कुणाची मोटार असेल, कुणाचा भाऊ लॉरीवर असेल, कुणी उळवीला दर्शनाला गाडी ठरवून जात असेल. दिवाळीला दोन महिने आहेत. रामनगरच्या नाक्यावर पारूच्या शेडसमोर गाडी उभी करा. चारी चाकं तिला दाखवा. ती म्हणाली टायर बदला, तर बदला.